किरणांवरचा उतारा

कारवार तालुक्यात काळी नदीच्या काठी कैगा आहे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत हा सारा मुलूख, आमच्या बेळगावप्रमाणेच, मुंबई राज्यात होता. 2000 साली कैग्याला अणुवीज तयार होऊ लागली आणि आता तेथे 220 मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या आहेत. प्रकल्पाच्या वादाच्या दिवसांत, आणि पुढे 2009 साली तेथल्या पिण्याच्या पाण्यात किरणोत्सारी द्रव्य सापडल्याची बातमी आली तेव्हा, शिक्षकांच्या खोलीपासून बसस्टँडवरच्या हॉटेलापर्यंत एक प्रश्न हमखास निघे. सापाच्या विषावर इंजेक्शन आहे, पोलिओवर डोस आहे, मग या किरणांवर काही गोळी, काही उतारा नाही का?

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरामागे पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे. मी इतिहासाचा माणूस. रसायनशास्त्राचा भाग मी शाळेतल्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांकडून समजून घेतला. मला त्यात दिसले ते असे की, या औषधांच्या कथेत रसायनाइतकेच महत्त्व घड्याळाला आहे आणि घड्याळाइतकेच ते पाहून हुकूम देणाऱ्या माणसाला.

रोंटगेनला क्ष-किरण सापडले 1895 साली. त्यांची मोहिनी जगावर अशी पडली की, ते अंगाला अपाय करतात हे कळायला बळी जावे लागले. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली क्ष-किरणांच्या नळ्यांवर काम करी. त्याचे हात गेले आणि 1904 साली तोही गेला. तरीदेखील संरक्षण म्हणजे शिशाचा पत्रा, जाड भिंत आणि लांब उभे राहणे, एवढीच समजूत पुढची चाळीस वर्षे होती. किरणांपासून शरीराला आतून वाचवता येईल का, हा प्रश्न गांभीर्याने विचारला गेला तो 1945 च्या ऑगस्टनंतर. हिरोशिमा-नागासाकीत जी माणसे स्फोटातून आणि आगीतून वाचली, त्यांतली कित्येक पुढच्या आठवड्यांत केस गळून, रक्तस्राव होऊन मेली. ज्यांच्या हाती बाँब होता त्यांनाही हे दृश्य स्वस्थ बसू देणारे नव्हते.

पहिले यश 1949 साली मिळाले. शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेत हार्वे पॅट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उंदरांना सिस्टीन नावाचे द्रव्य टोचले आणि मग एरवी बहुतेकांना मारील इतक्या क्ष-किरणांखाली ठेवले. बरेच उंदीर जगले. सिस्टीन हे काही अपूर्व द्रव्य नव्हे. आपल्या केसांत, नखांत ते असतेच. केस जळला की जो उग्र वास येतो तो त्यातल्या गंधकाचा. हे गंधकच कामाचे निघाले. आपले शरीर बहुतांशी पाणी आहे. किरण त्या पाण्यातून जाताना पाण्याच्या कणांचे तुकडे करतात आणि ते अतिशय आक्रमक तुकडे पेशीच्या केंद्रातल्या डीएनएवर तुटून पडतात. गंधकयुक्त द्रव्य आधीच हजर असेल तर ते हा मारा स्वतःवर घेते. मात्र हे सारे डोळ्याचे पाते लवायच्या आत संपते. म्हणूनच पॅटच्या प्रयोगातली दुसरी नोंद माझ्या लेखी पहिलीहून महत्त्वाची आहे. तेच सिस्टीन किरणांनंतर टोचले तर त्याचा काही उपयोग झाला नाही.

पुढची दोन तपे या एका अटीभोवती फिरत राहिली. बेल्जियममधल्या लिएजच्या झेनोन बाक यांनी सिस्टीनचाच जवळचा नातलग असलेले सिस्टिअमीन पुढे आणले. त्याची मात्रा थोडी पुरे, पण विषारीपणा अधिक. मग या कामात अमेरिकेचे लष्कर उतरले. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड संस्थेत 1959 साली मोठा कार्यक्रम सुरू झाला आणि चार हजारांहून अधिक रसायने तयार करून जनावरांवर तपासली गेली. हेतू स्पष्ट होता. अणुयुद्धात सैनिकाच्या खिशात अशी गोळी असावी, की ती खाऊन तो किरणांतून चालत जाईल. प्रत्येक रसायनाला डब्ल्यूआर ही अक्षरे आणि एक क्रमांक दिलेला असे. त्यात सर्वांत सरस ठरले ते डब्ल्यूआर 2721.

पण सरस ठरले ते उंदरांत. माणसाला ते शिरेतून द्यावे लागते, त्याने जोराच्या उलट्या होतात आणि रक्तदाब घसरतो. ओकाऱ्या काढत बसलेला शिपाई किरणांतून वाचला तरी लढणार काय? सैन्याचा बेत बारगळला. औषध मात्र वाया गेले नाही. निरोगी पेशी त्याला कामाच्या रूपात लवकर बदलून घेतात आणि कर्करोगाच्या गाठीतल्या पेशी तितक्या घेत नाहीत, असे आढळले. शिवाय दवाखान्यात किरण किती वाजता द्यायचे हे आधी ठरलेले असते, म्हणजे घड्याळाची अट तेथे आपोआप पाळली जाते. अमिफॉस्टीन या नावाने त्याला अमेरिकेत 1995 साली कर्करोगावरच्या एका औषधापासून मूत्रपिंड वाचवण्यासाठी मान्यता मिळाली आणि 1999 साली डोके-मानेच्या कर्करोगावर किरण देताना तोंडातल्या लाळग्रंथी वाचवण्यासाठी. तिसऱ्या महायुद्धासाठी शोधलेले औषध अखेर म्हाताऱ्या रोग्याच्या तोंडाला कोरड पडू नये म्हणून कामी आले. मला यात हसण्यासारखे काही वाटत नाही. उलट युद्धखात्याच्या पैशाचा इतका चांगला विनियोग क्वचितच झाला असेल.

आपल्याकडेही या दिशेने काम झाले. मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजात पी. उमादेवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात तुळशीच्या पानांचा अर्क उंदरांना टोचून पाहिला आणि गॅमा किरणांखाली ते उंदीर अधिक संख्येने तगल्याचे प्रसिद्ध केले. ही बातमी आपल्याकडे आली की तिला पाय फुटतात आणि दारातले वृंदावन अणुबाँबपासून घर वाचवते इथपर्यंत मजल जाते. तो अर्क होता, तो टोचलेला होता, तो किरणांच्या आधी होता आणि तो उंदराला होता. एवढे ध्यानात ठेवून त्या संशोधनाचे कौतुक जरूर करावे.

आता या कथेचा दुसरा पदर. वर जे सांगितले ते बाहेरून येणाऱ्या किरणांबद्दल. काही वेळा किरणे टाकणारे द्रव्यच श्वासातून, अन्नातून पोटात जाते आणि तेथे बसून दिवसेंदिवस मारा करते. मग औषधाचे काम वेगळे होते. त्या द्रव्याला बाहेर काढायचे किंवा आत बसूच द्यायचे नाही. येथे वेळ काहीशी हातात असते. क्षण नसला तरी तास असतात, कधी दिवसही.

ब्राझीलमधल्या गोयानिया गावी 1987 च्या सप्टेंबरात दोन भंगारवाल्यांनी एका ओस पडलेल्या दवाखान्यातून कर्करोगावरच्या यंत्राचा भाग उचलून नेला. त्यात सीझियम 137 ची पूड होती. अंधारात ती निळी चमके. लोकांनी ती कौतुकाने घरी नेली, अंगाला चोळली. एका सहा वर्षांच्या मुलीने ती हातावर असतानाच जेवण केले. ती आणि आणखी तिघे मरण पावले. एक लाखाहून अधिक लोकांना तेथल्या क्रीडागारात तपासले गेले आणि 249 जणांवर किंवा त्यांच्या शरीरात सीझियम आढळले. त्यांतल्या 46 जणांना जे औषध दिले ते चित्रकारांच्या पेटीतले होते. प्रशियन ब्ल्यू हा गडद निळा रंग अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये तयार झाला. तो आतड्यातून रक्तात जात नाही, पण आतड्यात येणारे सीझियम धरून ठेवतो आणि शौचावाटे घेऊन जातो. एरवी शरीरातले निम्मे सीझियम जायला सुमारे 110 दिवस लागतात, ते या औषधाने सुमारे 30 दिवसांवर येते.

पण 2010 च्या एप्रिलात दिल्लीच्या मायापुरीत भंगारबाजारात असाच प्रसंग घडला, तेव्हा निळ्या रंगाचा उपयोग नव्हता. दिल्ली विद्यापीठाचे जुने यंत्र भंगारात विकले गेले होते आणि त्यात कोबाल्ट 60 होते. मारा बाहेरून होता आणि द्रव्यही दुसरे. एक माणूस दगावला. अशा रोग्याची अस्थिमज्जा मार खाते आणि पांढऱ्या पेशी संपतात. त्या वाढवणारे फिलग्रास्टिम हे औषध कर्करोगाच्या रोग्यांसाठी आधीपासून वापरात होते. किरणांच्या तीव्र आजारासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली ती 2015 साली. तेही शरीराला सावरायला मदत करते, किरणांना अडवत नाही.

आणि कैग्याला 2009 च्या नोव्हेंबरात काय झाले? कर्मचाऱ्यांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीत ट्रिटियम जास्त आढळले. माग काढता ते एका वॉटर कूलरमधून आल्याचे निघाले आणि कोणीतरी मुद्दाम मिसळल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले. पन्नासाहून अधिक माणसांच्या पोटात ते गेले होते. ट्रिटियम म्हणजे जड हायड्रोजन, त्याचे पाणीच झालेले असते. मग उपाय कोणता? भरपूर पाणी पाजणे आणि लघवी वाढवणे. किरणांवरचा आमच्या सर्वांत जवळचा उतारा पाणी हा निघाला!

कुलूप बदलले की किल्ली बदलते, असा हा प्रकार आहे. सर्व किल्ल्यांत जी सर्वांत स्वस्त, सर्वांत जुनी आणि लाखो लोकांवर प्रत्यक्ष वापरली गेलेली, ती आयोडीनची. तिच्याकडे जरा सावकाश पाहू.

आयोडीन 1811 साली फ्रान्समध्ये बर्नार कूर्त्वा याला समुद्री शेवाळाच्या राखेत सापडले. गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला ते लागते. न मिळाले तर गलगंड होतो. आपल्याकडे हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात 1956 पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी मिठात आयोडीन घालून गलगंड कमी होतो हे दाखवले, त्यातूनच आजचे आयोडीनयुक्त मीठ आले. अणुभट्टी फुटली की बाहेर पडणाऱ्या द्रव्यांत आयोडीन 131 असते. ते गवतावर पडते, गाय ते खाते, दुधात उतरते आणि मुलाच्या गळ्यात जाऊन बसते. ग्रंथी बिचारी साधे आयोडीन आणि किरणोत्सारी आयोडीन यांत भेद करत नाही. तिला आधीच साध्या आयोडीनने गच्च भरून टाकले तर दुसऱ्याला जागा उरत नाही. एवढीच युक्ती. मात्र गोळी आधी किंवा पहिल्या काही तासांत हवी. एक दिवस उलटला की तिचा फारसा उपयोग नाही.

चेर्नोबिलची चौथी भट्टी 26 एप्रिल 1986 च्या पहाटे फुटली. शेजारच्या प्रिप्यात शहरात त्याच दिवशी आयोडीनच्या गोळ्या वाटल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शहर रिकामे केले. पण पलीकडे बेलारूसच्या गोमेल भागातल्या खेड्यांना कोणी काही सांगितले नाही. तेथल्या मातीत मुळातच आयोडीन कमी, म्हणजे ग्रंथी भुकेलेल्या. मुले ताजे दूध पीत राहिली. कीव शहरात 1 मे रोजी मिरवणूकही निघाली.

पोलंडलाही मॉस्कोने काही कळवले नव्हते. 28 एप्रिलच्या पहाटे ईशान्येकडच्या मिकोवायकी येथील केंद्रात हवेतला किरणोत्सर्ग एकाएकी वाढल्याचे दिसले. हे कोठून येते ते वॉर्सातल्या शास्त्रज्ञांना संध्याकाळी परदेशी रेडिओवरून कळले. मॉस्कोच्या तालावर चालणारे ते सरकार. वरून शब्द आल्याशिवाय ते हलेल अशी अपेक्षा कोणी केली नसती. तरीही 29 तारखेला समिती बसली आणि ईशान्येकडच्या 11 प्रांतांतल्या मुलांना आयोडीन द्यायचे ठरले. त्याच संध्याकाळी वाटप सुरू झाले आणि पुढे ते अन्य प्रांतांतही वाढवले गेले.

इतक्या गोळ्या होत्या कोठे? त्यांनी गोळ्यांचा नाद सोडला. लुगॉल या फ्रेंच डॉक्टरने 1829 साली सांगितलेले आयोडीनचे तपकिरी, कडू द्रावण औषधांच्या दुकानांत व इस्पितळांत बनवता येत होते. तेच बाटल्या भरभरून बनवले आणि शाळा, बालवाड्या, दवाखाने येथे पाजले. तान्ह्या बाळाला 15 मिलिग्रॅम, पाच वर्षांपर्यंत 50, पुढच्यांना 70. तीन दिवसांत सुमारे 1 कोटी 80 लाख लोकांना एकेक मात्रा मिळाली आणि त्यांत 1 कोटीहून अधिक मुले होती. ताज्या दुधावर निर्बंध आले आणि लहान मुलांना दूधपावडर दिली गेली. पल्स पोलिओच्या रविवारी आमच्या शाळेत बूथ मांडताना किती धावपळ होते ते मी वर्षानुवर्षे पाहिले आहे, आणि त्याची तारीख तर महिनाभर आधी ठाऊक असते. म्हणून त्या अनाम पोलिश मुख्याध्यापकांबद्दल मला विशेष आदर वाटतो. सकाळी कागद आला असेल, दुपारी बाटली आली असेल, आणि तोंड वाकडे करणाऱ्या पोरांची रांग लावायची.

दुष्परिणाम फार थोडे झाले. काही नवजात बाळांच्या थायरॉईडचे काम तात्पुरते मंदावले आणि सावरले. आयोडीनची वावडी असलेल्या दोन प्रौढांना तीव्र त्रास झाला. पोलंडमध्ये मुळात किरणोत्सर्ग कमी पोहोचला होता, त्यामुळे ही सारी खटपट कितपत आवश्यक होती यावर पुढे वाद झाले. होऊ द्यावेत. 29 तारखेला त्या समितीपुढे नंतरचे आकडे नव्हते.

पलीकडचे आकडे मात्र आले. बेलारूसच्या डॉक्टरांनी 1992 साली ‘नेचर’ या नियतकालिकात कळवले की, मुलांतला एरवी अतिशय दुर्मीळ असा थायरॉईडचा कर्करोग त्यांच्याकडे झपाट्याने वाढतो आहे. आधी पाश्चात्त्य तज्ज्ञांना विश्वास बसेना. 2005 पर्यंत बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत, अपघाताच्या वेळी 18 वर्षांखाली असलेल्यांमध्ये, अशा रोग्यांची संख्या 6,000 च्या वर गेली. शस्त्रक्रियेने बहुतेक जगले; तोवर 15 जण गेले होते. त्यांतले सगळेच रोगी केवळ दुधामुळे नव्हेत, पण मोठा वाटा त्या दुधाचाच होता, याबद्दल आता वाद उरलेला नाही. औषध शंभर वर्षांहून जुने होते आणि किंमत नाममात्र होती.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 2011 साली जपानमध्ये फुकुशिमाचा अपघात झाला तेव्हा चीनमध्ये लोकांनी दुकानांतून आयोडीनयुक्त मिठाच्या पिशव्या लुटल्यासारख्या उचलल्या. हिशेब पाहा. प्रौढाच्या एका गोळीत सुमारे 100 मिलिग्रॅम आयोडीन असते. आपल्या मिठात ग्राहकाच्या हाती येताना किलोला किमान 15 मिलिग्रॅम आयोडीन असावे असा नियम आहे. म्हणजे एका गोळीसाठी सहा-सात किलो मीठ खावे लागेल. किरणांच्या आधी मीठच माणसाला मारील.

त्याच फुकुशिमातली एक गोष्ट सांगायची राहिली. भट्टीपासून सुमारे 45 किलोमीटरवर मिहारू नावाचे छोटे गाव आहे. आसपासच्या कित्येक गावांच्या कोठारांत गोळ्या होत्या, पण त्या द्यायच्या तर वरून आदेश हवा, म्हणून खोकी तशीच राहिली. मिहारूच्या अधिकाऱ्यांनी हवामानाचा अंदाज पाहिला. 15 मार्चला वारा त्यांच्याकडे वळणार होता आणि पाऊसही येणार होता. त्यांनी कोणाची वाट न पाहता त्या दिवशी दुपारी चाळिशीच्या आतल्या लोकांना गोळ्या वाटल्या. प्रांताच्या कचेरीतून विचारणा झाली, आदेश नसताना हे कसे केले, गोळ्या परत घ्या. त्यांनी घेतल्या नाहीत. 20 किलोमीटरच्या आतून बाहेर पडणाऱ्यांनी गोळी घ्यावी, असा केंद्राचा आदेश 16 मार्चला निघाला. तोवर तो टापू जवळजवळ रिकामा झाला होता.

2013 साली जपानने नियम बदलले. भट्टीपासून 5 किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना गोळ्या आधीच घरी देऊन ठेवायच्या असे ठरले. आपल्याकडे अणुकेंद्राभोवती 16 किलोमीटरच्या टापूसाठी आपत्कालीन आराखडा असतो, त्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर असते आणि ठरावीक काळाने सरावही होतात. कैग्याच्या बाजूचे कोणी शिक्षक एखाद्या प्रशिक्षणवर्गात भेटले की मी त्यांना दोन गोष्टी विचारतो. गोळ्यांची पेटी कोणत्या गावी ठेवली आहे? आणि रात्री दोन वाजता तिची किल्ली कोणाकडे असते?